दावीदची वीत

चिंचोरपाड्यात दोन मापं चालत. एक सरकारी. ते तलाठ्याकडे असायचं आणि तलाठी नवापूरला असायचा. दुसरं दावीद गावितच्या उजव्या हाताला होतं आणि दावीद बारा महिने घरीच असायचा. पाड्याने कोणतं माप धरलं हे वेगळं सांगायला नको.

दावीद सुतारकाम करायचा. पासष्टीला टेकलेला, अंगाने बेताचा आणि बोलायला त्याहून बेताचा माणूस. देवाने त्याला घडवताना बाकी सगळीकडे काटकसर केली आणि उरलेलं सगळं हातांना लावलं. बोटं लांब होतीच, पण त्यांच्या सांध्यांना ‘आता पुरे’ म्हणून सांगणारं कोणी नव्हतं. अंगठा मागे वळवला की मनगटाला टेकायचा. करंगळी उलटी फिरून ताठ उभी राहायची. चौथीत गुरुजींनी पट्टी मारायला हात पुढे करायला लावला, तर पट्टीबरोबर त्याची बोटंही खाली गेली आणि मार बसलाच नाही. गुरुजींनी पुन्हा मारली. बोटं पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला गुरुजींनी पट्टी बाजूला ठेवली आणि त्याचा हात उलटासुलटा करून बघत बसले. त्या दिवशीचं गणित राहूनच गेलं.

पुढे तो नवापूरला एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिला. एकदा मिस्त्रीने गंमत म्हणून त्याची ताणलेली वीत फूटपट्टीवर ठेवली. अंगठ्याचं टोक शून्यावर, करंगळीचं बारावर. केसाइतका फरक नाही. चारचौघांची वीत नऊ इंचांची, फार तर साडेनऊ. मिस्त्रीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, “तू टेप घेऊ नकोस रे बाबा. तुझ्या आईने तुला देऊन ठेवलाय.”

दावीदने ते वाक्य फारच मनावर घेतलं. चाळीस वर्षं त्याने टेपाला हात लावला नाही. एक वीत म्हणजे एक फूट, एक बोट म्हणजे पाऊण इंच, संपला हिशोब. सुरुवातीला पाड्याची जरा धांदल उडाली. भिलाने आपल्या वितीने साडेचार वीत पाळणा सांगितला. दावीदने स्वतःच्या वितीने साडेचार वीत केला. पाळणा घरात आला, पण टांगायला आढं पुरेना. शेवटी तो अंगणातल्या आंब्याला टांगला आणि त्यात भिलाची तिन्ही पोरं एकाच वेळी निजू लागली. “दावीददादा,” भिला म्हणाला, “मी पोरासाठी सांगितला होता, बैलासाठी नाही.” पण पाडा हळूहळू शिकला. सांगायला आलेला माणूस दावीदचा हात धरून जमिनीवर टेकवायचा, आणि मग किती ते सांगायचा. पाड्यातली दारं, खाटा, देवळातले बाक, सगळं त्या एका हातातून उतरलं. देऊळ म्हणजे चर्च. तिथे सगळे त्याला देऊळच म्हणतात.

खाट करताना दावीद माणसाला भिंतीशी उभं करायचा, टाचेपासून डोक्यापर्यंत वीत टाकत जायचा आणि एकदा टाकली की विसरायचा नाही. माणसाचं नाव चुकेल, माप चुकणार नाही. वाहरू साडेपाच वीत आणि बोटभर. फुलीबाई पाच वीत, एक बोट कमी. ही पाठांतराची विद्या पेट्या करताना कामी यायची. पाड्यात कोणी गेलं की पेटी दावीदच करायचा. त्यासाठी सागाच्या वाळवलेल्या फळ्या त्याच्या माळ्यावर कायम असत. आणि त्याचा एक नेम होता. मेलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही. जो उठून ‘थांब’ म्हणू शकत नाही, त्याच्या अंगावर वीत पसरायची नाही. तो मयताच्या घरी जायचा, उंबऱ्यात उभा राहायचा, तोंड बघायचा आणि घरी येऊन पेटी करायचा. खाटेचं माप आठवायचा, त्यात चार बोटं मोकळी सोडायचा. पेटी नेहमी बरोबर बसायची.

गेली तीन वर्षं मात्र त्या हातात काहीतरी चाललं होतं. आधी अंगठ्याचं मूळ सुजलं. मग करंगळी सकाळी उघडेना. गरम पाण्यात धरली, मोहाचं तेल चोळलं की नऊ वाजेपर्यंत उघडायची, पण पूर्वीसारखी नाही. दावीदने हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला, सुसानाला, तेलाच्या वासावरून कळलं होतं.

“हात दुखतो का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग तेल कोणाला लावतोस, खाटेला?”

“लाकडाला लावतो,” दावीद म्हणाला आणि रंधा घेऊन बाहेर गेला.

गंमत अशी की कामात काही अडलं नाही. चौकटही त्याच हाताने मोजलेली आणि फळीही त्याच हाताने. हात जितका आखडला तितका दोन्हीकडे आखडला आणि वस्तू बरोबर बसत गेली. एकदा बाज्याच्या जुन्या खिडकीला झडप केली, ती दोन बोटं अपुरी पडली. चौकट वीस वर्षांपूर्वीची होती आणि तिचं माप दावीदला पाठ होतं. दावीदने भिंतीकडे बघून सांगितलं, “घर बसलंय तुझं. चौकट ताणली गेली.” बाज्याने मान डोलावली. दावीदचा हात चुकण्यापेक्षा घर बसणं त्याला जास्त पटण्यासारखं होतं. खरं सांगायचं तर दावीदलाही तेच पटलं.

मग वैशाखात, एका पहाटे, योहान गेला.

योहान वळवी. सहा फूट उंच. सातपुड्याच्या या बाजूला इतका उंच माणूस म्हणजे गावाला दाखवायची चीज. देवळात भजनाला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि आवाजाच्याही वर त्याचं डोकं. लहानपणापासून दावीदचा जोडीदार. दोघे बरोबर चालले की लोक म्हणायचे, एकाने उंची नेली, दुसऱ्याने बोटं नेली. योहान जन्मभर दुसऱ्यांच्या दारांत वाकत आला. ऊसतोडीला बारडोलीकडे जायचा तेव्हा खोपटात वाकून, टेम्पोत वाकून, मुकादमाच्या ओसरीवर वाकून. चौकटींचे डाग त्याच्या कपाळावर होते. ताठ मानेने तो फक्त दावीदने केलेल्या दारांतून जायचा, आणि गेल्यावर दाराला थाप मारून म्हणायचा, “दाव्या, हे दार माणसाचं आहे. बाकीची कोंबड्यांची.”

दावीद उंबऱ्यात उभा राहिला. योहान चटईवर होता, पांढऱ्या चादरीखाली. पायांची बोटं चादरीबाहेर आली होती. योहानला पुरेल अशी चादर त्या घरात कधी नव्हतीच. त्याची बायको शांतीबाई पायाशी बसली होती. तिने वर बघितलं.

“बघितलंस?” ती म्हणाली. “मला म्हणाला, पाणी दे. मी दिलं. मग म्हणाला, गार नाही. एवढंच बोलून गेला. माठालाही नावं ठेवून गेला.”

दावीदने मान हलवली आणि घरी आला.

योहान सहा वीत पुरा. बावीस वर्षांपूर्वी खाटेसाठी मोजला होता. सहा वीत आणि चार बोटं. त्याने माळ्यावरून फळ्या काढल्या, अंगणात ठेवल्या आणि हात टेकला. अंगठ्याच्या मुळातून कळ गेली. एक. करंगळीच्या टोकाशी अंगठा आणून पुन्हा. दोन. सहाव्या वितीला डोळ्यांना वाटलं की माप आखूड पडतंय. डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, म्हणून त्याने डोळ्यांचं ऐकलं नाही. हाताचं ऐकलं. चार बोटं टाकली, पेन्सिलीची रेघ ओढली आणि करवत लावली. पेटीच्या बाहेरच्या लांबीची एक काठी तोडून त्याने वाहरूकडे दिली. कबर खणणाऱ्या पोरांना माप लागतं.

दुपारी एकला पेटी घेऊन चौघं योहानच्या अंगणात आले. देवळाचे पाळकसाहेब आले होते. सुरतेहून लेक-जावई पोचले होते. भिलाच्या घरकुलाचं काम सोडून गवंडीही आला होता. सहा जणांनी चादरीसकट योहानला उचललं आणि पेटीत उतरवलं.

पाय आधी गेले. मग कंबर. मग डोकं खाली जाईना. डोक्याचा मागचा भाग डोक्याकडच्या फळीच्या काठावर टेकला आणि हनुवटी छातीकडे वळली. जन्मभर वाकलेला माणूस पेटीतही वाकून बसला.

परत उचललं, पाय नीट टेकवले, पुन्हा उतरवलं. तसंच. एका बाईचं रडणं मध्येच थांबलं, आणि ते थांबलेलं रडणं फार मोठ्याने ऐकू आलं.

दावीदकडे कोणी बघितलं नाही. सगळे दुसरीकडे बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

शेवटी भिला जवळ आला. वाईट मनाने नाही. भिलाच्या मनात वाईट कधीच नसतं, फक्त तोंडात येतं. “दादा,” तो हळू म्हणाला, “गुडघे जरा वर घेतले तर बसेल. वरून चादर टाकली की कोणाला दिसायचं नाही. ऊन वाढतंय.”

पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. योहानचा जावई म्हणाला, “असं करतात कधी कधी.” सुरतेत करत असतील.

“नाही,” दावीद म्हणाला.

“अरे पण दादा—”

“गुडघे वाकवायचे नाहीत. बाहेर काढा त्याला. चटईवर ठेवा.”

मग तो गवंड्याकडे वळला. “टेप आहे?”

गवंड्याने खिशातून पोलादी टेप काढला. दावीदची मुलगी लिडिया गर्दीतून पुढे आली. ती पाड्याच्या अंगणवाडीत होती, दिवसभर पोरांची उंची-वजनं घ्यायची आणि बापाचं मोजमाप घ्यायची हिंमत तिला कधी झाली नव्हती.

“बा, घरी जाऊन बघू,” ती म्हणाली.

“इथेच.” त्याने पेटीच्या काठावर हात ठेवला आणि ताणला. “धर.”

लिडियाने टेप धरला. सगळं अंगण बघत होतं. तिने एकदा वाचलं आणि टेप पुन्हा शून्यापासून लावला.

“किती?”

“अकरा, बा.”

“नीट बघ.”

“अकरा. थोडं कमीच.”

दावीदने तोंडातल्या तोंडात हिशोब केला. सहा विती, सहा इंच गेले. दिलेली चार बोटं त्यात बुडाली, वरून आणखी तीन इंच. तीन इंच. त्याने हात काठावरून काढला आणि दुसऱ्या हाताखाली धरला, लहान पोराला गर्दीत धरतात तसा.

“काठी,” तो एकदम म्हणाला. “वाहरू, कबरीची काठी मी दिली ती आखूड आहे. पोरांना सांग, हातभर आणखी खणा. पळ.”

वाहरू पळाला. दावीद शांतीबाईसमोर जाऊन उभा राहिला.

“चूक झाली माझी,” तो म्हणाला.

शांतीबाईने पेटीकडे बघितलं. “किती वेळ लागेल?”

“दिवस मावळायच्या आत.”

“मग जा,” ती म्हणाली. “तो काही कुठे जात नाही.”

घरी आल्यावर अडचण समोर उभी राहिली. माळ्यावर फळ्या उरल्या नव्हत्या. नवापूरच्या वखारीत जीप जाऊन येईपर्यंत दोन तास, आणि तिथलं लाकूड ओलं. पेटी तुकडा जोडून लांब करता आली असती. भिला तेच म्हणत होता. दावीद अंगणात उभा राहिला आणि त्याची नजर आपल्या घराच्या पुढच्या दारावर गेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी केलेलं. रुंद सागाच्या फळ्या, सहा वीत आठ बोटं उंच. तेव्हाच्या वितीने. मागचं दारही तसंच.

त्याने बिजागऱ्यांचे खिळे काढायला सुरुवात केली. सुसाना चुलीपासून उठून आली. नवरा घराचं दार उतरवतो आहे हे तिने बघितलं. मग मागच्या दाराकडे गेलेला बघितला.

“दोन्ही?” तिने विचारलं.

“तळ, दोन बाजू, झाकण. एका दारात होत नाही.”

“रात्री कुत्री येतील घरात.”

“येतील.”

सुसाना आत गेली, मागच्या दाराची कडी स्वतःच उपसून आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. “खिळे वाकवू नकोस,” म्हणाली. “परत लागतील.”

दार अंगणात आडवं केल्यावर दावीदने करवत उचलली. लिडिया मध्ये आली.

“बा, आधी मोजते.”

“मला पाठ आहे.”

“असू दे.”

त्याने करवत खाली ठेवली. चाळीस वर्षांत त्याच्या कामात असं कोणी मध्ये आलं नव्हतं. लिडियाने टेप दाराच्या एका टोकाला लावला आणि भिलाने दुसऱ्या टोकाला ओढला. भिलाला वाचता येत नव्हतं, पण तो फार गंभीरपणे आकड्यांकडे बघत होता.

“सहा फूट सहा इंच,” लिडिया म्हणाली. तिने बापाकडे बघितलं. सहा वीत आठ बोटं. आठ बोटं म्हणजे सहा इंच. “बरोबर आहे, बा. अगदी बरोबर आहे.”

दावीद खाली बसला. हातात हत्यार नसताना अंगणात बसलेला दावीद पाड्याने पाहिला नव्हता. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला हुंदका फुटला आणि तो योहानसाठी होता की त्या जुन्या हातासाठी, हे सुसानाने विचारलं नाही. तिने पाण्याचा तांब्या दिला. तो प्याला, तोंड पुसलं आणि उठला.

मग काम झालं. कापायचं ते लिडियाने सांगितलेल्या इंचांवर. दावीदने प्रत्येक रेघ तिला दाखवली आणि तिने ‘हो’ म्हटल्यावरच करवत लावली. करवत धरायला हात ठीक होता. पटाशी धरायलाही. फक्त पसरायला नव्हता. डोक्याकडची आणि पायाकडची फळी आखूड पेटीचीच घेतली. झाकणावर दाराच्या कडीची चार भोकं राहिली होती. दावीद ती बुजवायला निघाला, तर भिला म्हणाला, “राहू दे दादा. योहानकाकाला हवा लागेल.” आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे कळून तो तोंड फिरवून रडायला लागला.

पाच वाजता योहानला पुन्हा उतरवलं. पाय गेले, कंबर गेली, खांदे गेले, डोकं गेलं आणि तळाला टेकलं. डोक्याशी तीन इंच, पायाशी तीन इंच मोकळे. तो ताठ होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. दावीदने डोळे मिटले नाहीत. तो बघत राहिला.

कबरीच्या पोरांना हातभर सांगितलं होतं, तर त्यांनी दीड हात खणलं होतं. आज कमी पडायचं कोणाच्याच मनात नव्हतं. पेटी दोरांवर सरळ खाली गेली. मग एकेकाने माती टाकली. दावीदची पाळी आली तेव्हा त्याने उजवा हात मातीत घातला. पूर्वी त्या पंजात दोघांची माती बसायची. आता जेवढा उघडला तेवढा उघडला, जेवढी बसली तेवढी त्याने टाकली.

परतताना लोक शांतीबाईच्या अंगणात टेकले. काळा चहा झाला. लिडियाच्या खांद्यावर अजून गवंड्याचा टेप लटकत होता. तो परत मागायला गवंडीही विसरला होता. शांतीबाई दावीदजवळ येऊन उभी राहिली.

“माझं माप घेऊन ठेव,” ती म्हणाली.

दावीद गडबडला. “आता? कशाला? तुझं मला पाठ आहे.”

“पाठ आहे म्हणूनच म्हणते.”

अंगणात कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. हसू आलं त्याची सगळ्यांना लाज वाटली, आणि तरी ते थांबलं नाही. शांतीबाई मात्र हसली नाही. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून, टाचा जुळवून, मान ताठ करून उभी राहिली. तोंडावर आसवांच्या वाळलेल्या रेघा होत्या.

दावीद उठला. लिडियाने टेपाचं एक टोक टाचेशी धरलं, दावीदने दुसरं वर नेलं आणि डोक्याशी टेकवलं.

“किती?” त्याने विचारलं.

“वर तूच आहेस, बा. तूच वाच.”

दावीदने मान वर केली आणि डोळे बारीक केले. आकडे बारीक होते आणि उजेड कमी होत चालला होता. त्याने वेळ घेतला. कोणी घाई केली नाही.

“पाच फूट,” तो म्हणाला. “आणि एक… दीड इंच.”

“अंबाडा धरून दोन लिही,” शांतीबाई म्हणाली. “मी तो सोडून जाणार नाही.”